सुनेच्या हातचा गिलास

या, बसा. चपला राहू द्या, इथं कोण बघतंय. घाईत दिसताय, पण थोडं टेकाच. एका पैलवानाची गोष्ट सांगतो. आडदांड गडी, कुस्तीत समोरच्याला उचलून आपटणारा. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेच्या हातचा गिलास तोंडाला लावायला तो भ्यायचा. का भ्यायचा ते ऐका. मधे बोलू नका फक्त, माझा धागा तुटतो.

खराडीचा सर्जेराव. तुम्ही त्याला आत्ता बघितला असाल तर तो खरा सर्जेराव नव्हे. आधीचा सर्जेराव दारातनं आत यायचा तेव्हा पहिलं पोट यायचं आणि मग जरा दमानं सर्जेराव. तरणा होता तेव्हा तालमीत घाम गाळलेला. पुढं तालीम सुटली, खुराक काही सुटला नाही. शेतात काचेच्या बिल्डिंगा उगवल्या, औत गेलं, चालणं गेलं. राहिलं काय, तर खाणं. मग गुडघे कुरकुरायला लागले, साखर झाली. झोपेत तर असा घोरायचा की मधेच श्वास गपकन बंद. मग सोजरबाई, म्हणजे त्याची बायको, कोपरानं ढोसून त्याला परत चालू करायची. जुन्या फटफटीला किक मारतात तसं.

पोरगा रविराज. सून तेजस्विनी, माहेर वारज्याचं, नोकरी खराडीतच एका आयटी कंपनीत. आणि गंमत अशी की ती कंपनी जिथं उभी आहे तिथं पूर्वी सर्जेरावाची बाजरी असायची. सर्जेराव म्हणायचा, "आमची सून सासऱ्याच्या रानातच कामाला जाती. फकस्त चौथ्या मजल्यावर."

त्या पोरीनंच ऑपरेशनचं काढलं. पोट कापून बारकं करायचं, केळ्याएवढी नळी ठेवायची, म्हणजे माणूस थोडक्यात भरतो आणि वजन उतरतं. तिच्या कंपनीच्या विम्यात सासू-सासरे बसत होते. रविराज हो म्हणाला. गुडघ्यांनी गांजलेला सर्जेरावही हो म्हणून बसला.

मग तो पारावर गेला आणि तिथं भेटला बापूराव. हा भावकीतला चुलतभाऊ. दुसऱ्याच्या घरात धूर दिसला की आपल्या घरी भाकरी शेकणारा माणूस.

"फुकट करती कंपनी?" बापूरावानं विचारलं.

"विमा हाय तिचा."

"आरं, कंपनी काय तुझी मावशी लागती व्हय? सातबाऱ्यावर नाव कुणाचं हाय अजून?"

"माझंच की."

"मग ऱ्हाऊ दे. मी काय बोललो न्हाई."

एवढंच. पण बापूराव काय बोललो नाही म्हणाला की समजायचं, बी पडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. वजन असं उतरायला लागलं की सोजरबाई दर पंधरवड्याला लेंग्याची नाडी ओढून घ्यायची. गुडघे गप झाले, घोरणं थांबलं. माणसानं खूश व्हायला पाहिजे. पण गावात कसं असतं, जाडा माणूस बारीक झाला की लोक बरं झालं म्हणत नाहीत. ते हळू आवाजात विचारतात, "काय, ठीक हाय ना सगळं?" दहा जणांनी हळू आवाजात विचारल्यावर धडधाकट माणसालाही आपली तिरडी दिसायला लागते.

आता तो गिलास.

रोज सकाळी कंपनीत जायच्या आधी तेजस्विनी ओट्यापाशी उभी राहायची. खलबत्त्यात एक गोळी कुटायची, टक, टक, टक. मग डब्यातली पांढरी भुकटी पाण्यात घालायची, त्यात गोळीचा चुरा, चमच्यानं ढवळायची आणि गिलास आणून सर्जेरावाच्या हातात द्यायची.

"ह्यात काय असतं गं?" त्यानं एकदा विचारलं.

"प्रोटीन आहे मामा, आणि पित्ताची गोळी. सहा महिने घ्यायचीय."

"माझं पित्त चांगलं हाय."

"चांगलं राहावं म्हणूनच द्यायची असते."

उत्तर बरोबर होतं. पण सर्जेरावाला ते जरा जास्तच तयार वाटलं. जसं आधीच पाठ करून ठेवलेलं. खरं सांगायचं तर दवाखान्यातनं निघताना डॉक्टरीणबाईंनी त्यालाही हेच सांगितलं होतं. पण तेव्हा त्याचं लक्ष कँटीनच्या वड्यांच्या वासाकडं होतं.

मग झालं ते केसांचं. एका सकाळी न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत तेजस्विनी वाकलेली. जाळीवर साचलेले सर्जेरावाचे केस तिनं टिश्यूत उचलले, उजेडात धरून बघितले, मोबाईलवर फोटो काढला आणि पुडी बांधून मुठीत घेतली.

सर्जेराव भिंतीला चिकटून उभा. आपल्याकडं लहानपणापासून काय शिकवतात? कापलेली नखं, गळलेले केस इकडंतिकडं टाकू नयेत, कुणाच्या हाताला लागू देऊ नयेत. आणि इथं घरातलीच लक्ष्मी पुडी बांधून नेतेय.

बापूरावाला सांगितलं तर तो बाकावरून उठलाच. "केस? उचलले? फोटो बी काढला? मग काय राह्यलं! वाघोलीत एक जण बघतो. चल, जाऊ."

"नगं. आत्ता नगं."

"नगं तर नगं. पर तिच्या हातचं काय खाऊ-पिऊ नगंस एवढं सांगतो."

त्या दिवसापासून गिलास वरच्या मजल्यावर, मागच्या गॅलरीत जायला लागला. तेजस्विनीची गाडी फाटकाबाहेर पडली की सर्जेराव उठायचा, कोरफडीच्या कुंडीत गिलास ओतायचा, मिशी पुसायचा आणि खाली येऊन खोटाच ढेकर द्यायचा. कोरफड जोमात आली. सर्जेराव मात्र खंगायला लागला. केस आणखी गळायला लागले. त्याला वाटलं, बघा, करणीच. आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, पोट केळ्याएवढं, त्यात ताकदीचं म्हणून जे एक होतं तेही कुंडीला घालतोस, तर केस गळतील नाही तर काय उगवतील? पण संशयाला एकदा ताट वाढलं की तो उपाशी उठत नाही. काहीही वाढा, तो ते खातो.

सोजरबाईच्या डोळ्यांदेखत नवरा वाळत चालला होता. त्या बाईचं अख्खं आयुष्य त्याला खाऊ घालण्यात गेलेलं. कुस्तीच्या आधी तूप, कुस्ती जिंकली तर तूप, हरला तर दुप्पट तूप. आणि आता सून येऊन वजनकाट्यावर तोलून चार घास देते. घराच्या मागं अजून गोठा होता, गोठ्यात एक म्हैस होती, तिच्याच दुधाचं तूप. सोजरबाईनं ठरवलं, बास झालं.

पहाटे दूध काढून झालं की ती गोठ्यातच त्याला हाक मारायची. हातात पितळी वाटी, वाटीत कोमट तूप.

"घ्या. गपचूप प्या. तिला कळू देऊ नका."

"पोटात मावंल का?"

"पातळ हाय की. पाण्यावानी जातंय. घास मावत न्हाई तर तूप तरी जाऊ द्या. ती पोरगी तर असं तोलून वाढती, जसं काय सोनारच बसलाय."

सर्जेराव प्यायचा. कुणाच्या हातचं घेतोय हे बघावं लागत नव्हतं, हेच त्याला बरं वाटायचं. अख्ख्या घरात एक हात राहिला होता विश्वासाचा.

आणि मग दुखायला लागलं.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा त्याला वाटलं, गॅस. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, कुणी आतनं मूठ आवळतंय असं. मग कळ मागं गेली, पार खांद्याच्या खवाट्यात. घाम सुटला. उलटी होऊनही मोकळं वाटेना. बऱ्याच वेळानं जशी आली तशी निघून गेली, आणि माणूस ओल्या धोतरासारखा पिळून पडला. पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग रोज नाही, पण एक-दोन दिवसाआड.

वेळ कुठली? सकाळची. तेजस्विनी गिलास आणून द्यायची त्याच सुमाराची.

सर्जेरावानं विचार केला. गिलास तर मी पीत नाही. मग? म्हणजे तिला कळलंय. आता ती गिलासात घालत नाही, दुसऱ्या कशात घालते. डाळीच्या पाण्यात. सुपात. मग त्यानं डाळीचं पाणी सोडलं. सूप सोडलं. तिनं चिरलेली पपई सोडली. सोजरच्या हातचं तेवढं घ्यायचा. तरी दुखायचंच. दुखलं की सोजरबाई पोट शेकायची आणि म्हणायची, "आतडी कोरडी पडल्यात तुमची." आणि दुसऱ्या दिवशी वाटी जरा मोठी व्हायची.

तेजस्विनीला काही सांगायचं नाही, हे दोघांचं ठरलेलं. ती विचारायची, "मामा, चेहरा उतरलाय तुमचा. पोटात काही दुखतं का? दुखत असेल तर लगेच सांगा हं, डॉक्टरांनी सांगून ठेवलंय."

सर्जेराव मनात म्हणायचा, हिला कसं ठाऊक पोटातच दुखतं ते? आणि मोठ्यानं म्हणायचा, "झ्याक हाय. तू जा, तुला उशीर होतोय."

अशात तेजस्विनीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती थोडे दिवस वारज्याला गेली. फाटकातनं तिची गाडी बाहेर पडली तशी सर्जेरावाची छाती मोकळी झाली. आता कळेल, तो म्हणाला. आता दूध का दूध.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईनं पुरणपोळी केली. सणवार काही नव्हता. घरात सून नव्हती हाच सण. सर्जेरावाला पाव पोळीच मावणार, पण ती पाव पोळी ताटलीत तुपात पोहत होती. सकाळची वाटी झालेली होतीच. सर्जेरावानं बोटं चाटली. कित्येक महिन्यांत असा जेवला नव्हता. वरनं तूप ताटलीतनं थेट तोंडाला लावलं.

पान लावावं म्हणून तो गोठ्याकडं गेला आणि तिथंच खाली बसला. बसला म्हणजे पाय गेले. अशी कळ त्याला जन्मात आली नव्हती. कुस्तीत खांदा निखळला होता तेव्हाही नाही. म्हशीच्या दावणीला धरून तो कण्हत राहिला. सोजरबाई धावत आली, पाठ चोळायला लागली, देवाचं नाव घ्यायला लागली. आणि त्या तसल्या कळेतही सर्जेरावाचं डोकं चालू होतं, कारण संशयाला सुट्टी नसते.

सून घरात नाही. कालपासून नाही. तिच्या हातचं पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. मग हे दुखतंय कशानं? कालपासून पोटात जे गेलं ते कुणाच्या हातनं गेलं?

एकाच हातानं गेलं.

त्यानं मान वळवून सोजरकडं बघितलं. एवढ्या वर्षांचा संसार. ती घामाघूम, पदर खांद्यावरनं ढळलेला, ओठ हलतायत. ती उठली, पळत आत गेली आणि वाटी घेऊन आली.

"घ्या, एवढं घ्या, उतार पडंल."

आणि सर्जेरावानं तिचा हात झिडकारला. वाटी शेणात पडली. सोजरबाई नुसती बघत राहिली. त्या बघण्याबद्दल तो मला एकदाच बोलला, परत कधी नाही. म्हणाला, "कळ सोसली गड्या, पर ते बघणं न्हाई सोसलं."

रविराज वरनं धावत आला. त्यानं बापाला उजेडाकडं फिरवलं. "आण्णा, तुमचे डोळे पिवळे झालेत. हळदीसारखे. आई, कधीपासून आहे हे?"

नगर रस्त्यावर त्याच दवाखान्यात नेलं. पूर्णिमा नावाच्या डॉक्टरीणबाई, आधीचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. बारीक अंगाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं एकदम सदाशिव पेठी. सोनोग्राफी झाली, रक्त गेलं. तोवर वारज्याहून तेजस्विनी येऊन पोचली. रविराज आणि सोजरबाई खाली औषधं आणायला गेले होते. खोलीत सर्जेराव, डॉक्टरीणबाई आणि दाराशी सून.

"पित्ताशयात खडे आहेत," बाई म्हणाल्या. "एक सुटून नळीत अडकलाय, म्हणून कावीळ. तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा, आणि मग पित्ताची पिशवी काढून टाकायची. थांबता येणार नाही. यात जंतू शिरले तर जिवावर बेतेल."

सर्जेराव कळ दाबत हसला, कसनुसं. "वाटलंच. आधी पोट कापलं. आता पिशवी. फुडल्या वर्साला काय, किडनी? हप्त्याहप्त्यानं न्हेताय व्हय मला?"

"हौस नाही आम्हाला. बाहेर पेशंटची रांग आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही घरी जाऊ शकता. जाताना आरशात डोळे तेवढे बघून जा."

मग बाईंनी सुनेकडं बघितलं. "वजन झपाट्यानं उतरलं की खडे होतात, म्हणून तर गोळी दिली होती. चालू होती ना?"

"हो मॅडम," तेजस्विनी म्हणाली. "एक दिवस चुकवली नाही. मी स्वतः कुटून देते. वारज्याला गेले तर आत्यांकडं पुड्या करून ठेवून गेले."

असं ठासून म्हणाली ती. छाती पुढं करून, जसं पोर शाळेत हजेरी देतं. आणि सर्जेरावाला त्या क्षणी कळलं की एवढं खरं कुणाला पाठ करून बोलता येत नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय नाही?"

"न्हाई घेतली. कोरफडीला घातली. गिलासच्या गिलास."

बाईंनी चष्मा वर केला. "गोळी घेतली असतीत तर खडे झालेच नसते, असं मी म्हणणार नाही. पण शक्यता बरीच कमी झाली असती. बरं, खाण्यात काय होतं? तेलकट, तुपकट?"

आता आली पंचाईत. सर्जेरावानं दाराकडं बघितलं. सोजर नव्हती. "तूप," तो म्हणाला. "रोज सकाळी. वाटी."

"जेवणावर चमचाभर?"

"न्हाई. वाटी. प्यायला. पैलवानाचा खुराक असतो तो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पैलवान, पोटात तूप गेलं की ती पित्ताची पिशवी आवळते. तिचं कामच ते. आत खडे असले की ते तोंडाशी येऊन बसतात आणि मग कळ येते. म्हणजे तुम्ही रोज पहाटे आपल्या हातानं ती पिशवी पिळत होता. तुपानं खडे झाले नाहीत, पण कळा त्यानंच उठवल्या."

सर्जेरावानं डोळे मिटले. म्हणजे सोजर नव्हती. म्हणजे होती, पण तसं नव्हतं. गोठ्यात झिडकारलेला तिचा हात त्याला दिसला आणि पिवळ्या डोळ्यांतनं पाणी आलं. बाईंना वाटलं दुखतंय, त्या इंजेक्शनचं सांगायला बाहेर गेल्या.

खोलीत दोघंच राहिली.

"केस कशाला उचलत व्हतीस माझं?" तो डोळे न उघडताच म्हणाला.

"केस?"

"न्हाणीतलं. पुडी बांधून."

"फोटो डाएटिशियनला पाठवत होते. किती गळतायत ते बघायला. त्या म्हणाल्या, प्रोटीन कमी पडतंय. मी म्हटलं, अहो, मी रोज देते..." ती बोलता बोलता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्हाला काय वाटलं? मी काय करत होते?"

सर्जेरावानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढ्यानं तिला कळलं. ती पोरगी रडली नाही, हसलीही नाही. खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली. खाली नगर रस्त्यावर हॉर्नची बोंबाबोंब चालू होती. मग ती वळली.

"तुपाचं आत्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"त्या परत चुलीपुढं बसणार नाहीत, मामा. तुम्हाला खाऊ घालणं एवढंच त्यांचं आहे. त्यांच्या हातानं झालं असं कळलं तर त्या खचतील. मॅडमना मी सांगते, त्या फक्त पथ्य सांगतील. तेल-तूप बंद, बास. का ते नाही."

"मग सोजरला सांगायचं काय? कशानं झालं?"

एवढ्यात सोजरबाईच आली, हातात औषधांची पिशवी, मागं रविराज. खड्यांचं तिला बाहेरच कळलं होतं. सुनेला बघितलं आणि इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "झालं समाधान? कुटत व्हतीस न्हवं रोज, टक टक टक? तुझ्या त्या भुकट्यांनी आन् गोळ्यांनी खडं झालं माझ्या मालकाच्या पोटात! धडधाकट माणूस घातला तुझ्या हातात."

सर्जेराव उठून बसायला गेला. तेजस्विनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबूनच.

"चुकलं आत्या," ती म्हणाली. "बंद करते गोळ्या."

सर्जेरावाला अख्ख्या जन्मात एवढा चीत कुणी केला नव्हता. त्यानं रविराजकडनं पेन मागितलं आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

खडा निघाला, पिशवी निघाली, कावीळ उतरली. आठवडाभरात घरी आला. आता सगळं बेतानं खातो, तुपाचं बोट नाही. सोजरबाईला सांगितलंय, पिशवी काढली की तूप चालत नाही. ती आता ज्वारीची पेज करते आणि ती त्याला आवडते असं तो म्हणतो. आवडत नाही. पण म्हणतो.

इथं संपायला पाहिजे होतं ना? पण दवाखान्यातनं आल्यावर समाचाराला बाया आल्या आणि सोजरबाईनं प्रत्येकीला सांगितलं, सुनेच्या गोळ्यांनी झालं. ती काही खोटं बोलत नव्हती, तिच्यापुरतं तेच खरं. तिथनं ते पारावर गेलं. पारावर बापूराव बसलेलाच. त्यानं त्यात केसांची पुडी घातली, सातबारा घातला, आणि खिचडी तयार.

सर्जेरावाला कळलं तसा तो काठी टेकत पारावर गेला. सगळ्यांपुढं उभा राहिला. "ऐका रं. माझ्या सुनेनं मला औषध दिलं. म्या ते वतून दिलं. खडं माझ्या मूर्खपणानं झालं. तिचा काडीचा दोष न्हाई."

तुपाचा विषय त्यानं काढला नाही. कसा काढणार?

मग बापूराव शेजारच्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघितलं? कसं तोंडपाठ बोलतोय. पढवून धाडलाय."

काय करणार सांगा. जे बोट त्यानं उगारलं होतं ते त्याला आता खाली घेता येईना. तेजस्विनीला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ द्या मामा. मला कुठं पारावर बसायला वेळ आहे?" पण तिला लागलंय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडं पूजा होती. ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. एका बाईला अचानक उपास आठवला. दुसरीला ॲसिडिटी. बापूरावाची बायको म्हणाली, मी आत्ताच घेऊन आले. भरलेला ट्रे तसाच आत गेला. सोजरबाईनं बघितलं, तिलाही कसंतरीच झालं, पण का झालं ते तिला उमगेना. आणि सर्जेराव कोपऱ्यात बसलेला. त्यानं सगळ्यांदेखत दोन कप प्याले, एकामागनं एक, त्या एवढ्याशा पोटात. मग मागं जाऊन ओकला.

पण त्यानं प्यालं तर काय उपयोग? तो घरचा. लोक म्हणतात, त्याला वशच केलाय.

परक्या माणसानं प्यायला पाहिजे.

तुम्ही म्हणालात, पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला खराडीत फिरताय, आणि रविवारी त्यांच्या दारातही जाणार. रविवारी त्यांच्या ओसरीवर भावकी असतेच, बापूरावही असतो, त्याला दुसरा उद्योग काय. तेजस्विनी घरी असते, चहा तीच आणील. तूप-बिप काही काढू नका तिथं, सोजरवहिनी कानाला तिखट आहेत. गोळ्यांवरनं वाद घालत बसू नका. तुम्ही फक्त एक करा. तिच्या हातनं कप घ्या, बापूरावाच्या डोळ्यांपुढं सावकाश सगळा प्या, आणि मग म्हणा, "पोरी, आणखी अर्धा कप मिळंल का?"

एवढं करा माझ्यासाठी.